१७५(३) चा अर्ज नामंजूर झाला, आता पुन्हा टाकता येतो का?

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही म्हणून कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज केला, महिनोन्‌महिने तारखा पडल्या आणि शेवटी रोजनाम्यावर दोन शब्द आले: ‘अर्ज नामंजूर’. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या न्यायमंदिराच्या पायऱ्या उतरता उतरताच फिर्यादीला सल्ले मिळू लागतात. कुणी सांगतं, ठाणं बदलून पुन्हा टाका. कुणी म्हणतं, या वेळी भावाच्या नावाने टाका. कुणी मजकूर तोच ठेवून वर दोन कलमं वाढवायला सांगतं. हे तिन्ही सल्ले घातक आहेत. ज्याचं खरोखर नुकसान झालंय त्यालाच ते सगळ्यात महागात पडतात, कारण खऱ्या तक्रारीवर ‘वारंवार अर्ज करणारा’ असा शिक्का बसला की तो पुसायला हायकोर्टापर्यंत जावं लागतं.

दुसऱ्या अर्जाला सरसकट बंदी नाही आणि सरसकट मुभाही नाही. पहिला अर्ज कशामुळे पडला, यावर सगळं ठरतं. तांत्रिक उणिवेमुळे पडला असेल तर उणीव भरून पुन्हा जाता येतं. गुणदोषांवर, म्हणजे तक्रारीचाच विचार करून, पडला असेल तर त्याच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तोच मजकूर नेण्यात अर्थ नाही, तिथे वाट वेगळी आहे. म्हणून पहिलं काम आदेशाची प्रमाणित प्रत काढून शेवटचे दोन परिच्छेद शब्द न शब्द वाचणं. ई-कोर्टच्या ॲपवर ‘निकाली’ एवढंच दिसतं. त्यावर विसंबून काहीही ठरवू नका.

आधी कलमाचं बोलू. नागपूरच्या कोर्टात आजही सगळे ज्याला ‘एकशे छप्पन तीन’ म्हणतात, ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १७५(३) झालं. नुसता आकडा बदललेला नाही. जुन्या कलमात न्यायदंडाधिकारी तपासाचा आदेश देऊ शकतात, एवढी एकच ओळ होती. नव्या कलमात तीन गोष्टी लिहूनच टाकल्या आहेत. एक, ठाण्याने नोंद नाकारल्यावर कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे गेल्यानंतरचा आणि शपथपत्र जोडलेला अर्ज हवा. दोन, न्यायदंडाधिकारी त्यांना गरजेची वाटेल तेवढी चौकशी स्वतः करू शकतात. तीन, आदेशाआधी पोलिसांचं म्हणणं विचारात घ्यायचं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ओमप्रकाश आंबाडकर प्रकरणात या तिन्ही बदलांची चर्चा केली. ते अपील आपल्याच नागपूर खंडपीठाच्या आदेशाविरुद्ध गेलेलं होतं. तपासाचा आदेश यांत्रिकपणे द्यायचा नाही, आधी तक्रारीतून दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) दिसतो का आणि पोलीस तपासाची गरज आहे का, हे डोकं लावून पाहायचं, हा त्याचा गाभा.

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर गुन्ह्याची कलमं भारतीय दंड संहितेची राहतात. प्रक्रिया मात्र अर्ज कधी दाखल झाला त्यावर ठरते. त्या दिवशी प्रलंबित असलेला अर्ज जुन्या संहितेने चालतो, नंतर दाखल झालेला नव्या संहितेने. दुसऱ्या अर्जात ही सरमिसळ फार होते. पहिला अर्ज १५६(३) खाली, दुसरा १७५(३) खाली, म्हणून तो ‘नवा’ आहे असा युक्तिवाद केला जातो. तो टिकत नाही. कलमाचा क्रमांक बदलल्याने तक्रार नवी होत नाही.

या तीन बदलांचा दुसऱ्या अर्जावर थेट परिणाम आहे आणि तो अजून पुरेसा लक्षात घेतला जात नाही. पूर्वी अनेक अर्ज ‘मजकूर पाहता तपासाची आवश्यकता वाटत नाही’ एवढ्या ओळीवर पडायचे. तो गुणदोषांवरचा निर्णय नव्हताच, असं म्हणायला जागा उरायची. आता फायलीत पोलिसांचं लेखी म्हणणं असतं आणि कधी चौकशीची टिपणंही. त्यावर विचार करून दिलेला नकार गुणदोषांवरचाच वाटतो. म्हणजे आता पहिल्याच अर्जात सगळी तयारी लागते. पोलिसांचं म्हणणं दाखल झालं की त्याची प्रत घ्या आणि परिच्छेदवार लेखी उत्तर द्या. ‘तक्रारदाराने कागदपत्रं दिली नाहीत’ किंवा ‘वाद दिवाणी स्वरूपाचा आहे’ ही दोन वाक्यं त्यात बहुतेक वेळा असतात. ती अनुत्तरित राहिली की तीच आदेशात उतरतात.

तांत्रिक कारणावर पडलेला अर्ज

सगळ्यात जास्त अर्ज ज्या खड्ड्यात पडतात तो म्हणजे पायऱ्या गाळणं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये प्रियांका श्रीवास्तव प्रकरणात सांगितलं की आधी ठाण्यात, मग वरिष्ठांकडे लेखी तक्रार झालेली हवी, तिचे पुरावे अर्जाला जोडलेले हवेत आणि अर्जाला शपथपत्र हवं. त्या प्रकरणाचा विषयही आपल्या आजच्या विषयाशी जोडलेला आहे. कर्ज थकवणाऱ्याने वित्तसंस्थेच्या वसुलीला उत्तर म्हणून अधिकाऱ्यांविरुद्ध एकामागून एक तक्रारी केल्या होत्या. खोटं लिहिणाऱ्याला जबाबदार धरता यावं, म्हणून शपथपत्राची अट आली. ती आता कायद्यातच आहे.

पहिली पायरी ठाण्याची. तक्रार दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. ठाणं पोच देत नसेल तर त्याच दिवशी पोस्टाने पाठवा. पावती आणि पोहोचल्याचा ऑनलाइन अहवाल, दोन्ही छापून ठेवा. अहवाल काही काळाने संकेतस्थळावरून निघून जातो, म्हणून तो लगेच छापायचा. ईमेलने किंवा ऑनलाइन तक्रार दिली असेल तर १७३(१) प्रमाणे ३ दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. नाही केली तर ती नोंदीवर येत नाही, आणि ‘ठाण्याने नाकारलं’ हे म्हणणंच उभं राहत नाही.

दुसरी पायरी वरिष्ठांची, आणि नागपुरात नेमकी इथे चूक होते. शहर आयुक्तालय वेगळं, नागपूर ग्रामीणचे पोलीस अधीक्षक वेगळे. कामठी, कोराडी, हिंगणा ही नावं ऐकून ग्रामीण वाटतात, पण ती ठाणी शहर आयुक्तालयात येतात. सावनेर, काटोल, उमरेड, रामटेक ग्रामीण अधीक्षकांकडे. शहरातल्या ठाण्याविरुद्धची तक्रार ग्रामीण अधीक्षकांना पाठवली, तर पायरी पूर्ण झालीच नाही असा आक्षेप येतो आणि तो मान्यही होतो. शहरासाठी पोलीस आयुक्तांच्या नावाने अर्ज आणि परिमंडळाच्या उपायुक्तांना प्रत, असं करावं. कायद्याचे शब्द ‘लेखी व पोस्टाने’ असे आहेत. तेव्हा हातोहात देऊन पोच घेतली असली तरी पोस्टानेही पाठवा. पन्नासेक रुपयांसाठी सहा महिने घालवू नयेत.

या पत्रात ठाण्यातल्या तक्रारीचा गोषवारा हवा. नुसतं ‘माझ्या तक्रारीवर कारवाई करावी’ असं चार ओळींचं पत्र पुरत नाही, कारण ‘माहितीचा सारांश’ पाठवायचा आहे. मूळ तक्रार सोबत जोडा. नंतर किती दिवस थांबायचं, हे कायद्यात लिहिलेलं नाही. पंधरा दिवस थांबणं शहाणपणाचं. दुसऱ्याच दिवशी कोर्टात गेलात तर वरिष्ठांना संधीच दिली नाही, असं सरकारी वकील म्हणतात.

पायऱ्या राहिल्या, शपथपत्र नव्हतं, हद्द चुकली, तारखेला कुणीच हजर नव्हतं म्हणून अर्ज निकाली निघाला, या सगळ्यात तक्रारीच्या खरेखोटेपणावर कोर्टाने मत दिलेलं नसतं. इथे उणीव भरून दुसरा अर्ज चालतो. गैरहजेरीत पडलेली फिर्याद गुणदोषांवर पडलेली नसते आणि ती पुन्हा दाखल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जतिंदर सिंग प्रकरणात २००१ मध्येच सांगितलं आहे. पण ‘उणीव भरली’ याचा अर्थ नीट घ्या. ठाण्याला आणि वरिष्ठांना दिलेलं पत्र दुसऱ्या अर्जाच्या आधीच्या तारखेचं हवं. अर्ज दाखल केल्यावर मागून पत्र पाठवून ते जोडलं तर उणीव तशीच राहते.

अर्ज चालू असतानाच अशी उणीव लक्षात आली, तर नामंजुरीची वाट पाहू नये. पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन अर्ज मागे घ्यावा. पुरसिसमध्ये ‘कलम १७३(४) ची पूर्तता करून नव्याने अर्ज दाखल करण्याची मुभा राखून’ हे शब्द हवेत, आणि त्याखालच्या आदेशातही मुभेचा उल्लेख यावा म्हणून वकिलाने तोंडी विनंती करावी. नुसतं ‘अर्ज चालवायचा नाही’ असं लिहून दिलं तर पुढच्या वेळी तेच वाक्य तुमच्यासमोर धरलं जातं.

गुणदोषांवर पडलेला अर्ज

इथे तीन प्रकारचे आदेश येतात आणि तिघांचा पुढचा रस्ता वेगळा.

‘तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत नाही’ किंवा ‘वाद निव्वळ दिवाणी आहे’ असं लिहिलं असेल, तर हा निर्णय चुकीचा वाटला तरी तोच न्यायदंडाधिकारी तो बदलू शकत नाही. फौजदारी न्यायालयाला आपल्याच आदेशाचं पुनर्विलोकन करण्याचा अधिकार नाही. कलम ४०३, म्हणजे जुनं ३६२, लेखनातली किंवा आकड्यातली चूक सुधारण्यापुरतंच आहे. न्यायदंडाधिकाऱ्याने काढलेला आदेश त्याला स्वतःला मागे घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अदालत प्रसाद प्रकरणात २००४ मध्ये समन्सच्या संदर्भात स्पष्ट केलं. अंगभूत अधिकार फक्त उच्च न्यायालयाला, कलम ५२८ खाली. तेव्हा दुसरा अर्ज हे पुनर्विलोकनाचं वेषांतर ठरतं. न्यायाधीशांची बदली होऊन नवे आले, म्हणून पुन्हा टाकून बघणं हाही त्यातलाच प्रकार. बदलीने न्यायालय बदलत नाही.

इथला बरोबर रस्ता म्हणजे पुनरीक्षण, कोर्टाच्या भाषेत रिव्हिजन. कलम ४३८ खाली सत्र न्यायालयात, आदेशापासून ९० दिवसांच्या आत. प्रमाणित प्रत मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. एकाच माणसाला एकदाच रिव्हिजन करता येतं. सत्र न्यायालयात केलं की पुन्हा उच्च न्यायालयात दुसरं रिव्हिजन नाही, तिथे फक्त ५२८ किंवा संविधानाच्या अनुच्छेद २२७ ची अरुंद वाट राहते. आणखी एक गोष्ट हमखास चुकते. मूळ अर्जाच्या वेळी प्रस्तावित आरोपीला ऐकण्याची गरज नसते, म्हणून रिव्हिजनमध्येही फक्त सरकारला प्रतिवादी केलं जातं. नामंजुरीविरुद्धच्या रिव्हिजनमध्ये त्याला ऐकावंच लागतं, असं रघुराज सिंग रौशा प्रकरणात ठरलेलं आहे. त्याला जोडलं नाही तर जिंकलेलं रिव्हिजन वरून परत येतं आणि वर्षभर वाया जातं.

दुसऱ्या प्रकारच्या आदेशात असं लिहिलेलं असतं: आरोपी कोण ते माहीत आहे, कागदपत्रं फिर्यादीच्याच ताब्यात आहेत, झडती-जप्तीची गरज नाही, म्हणून पोलीस तपास नको, प्रकरण पडताळणीसाठी ठेवण्यात येत आहे. फिर्यादीला हा पराभव वाटतो. तो तसा नाही. कोर्टाने तक्रार फेकलेली नाही, फक्त पोलिसांकडे न पाठवता स्वतःकडे ठेवली आहे. खाजगी फिर्याद म्हणून कलम २२३ खाली ती पुढे चालते. शपथेवर पडताळणी, म्हणजे फिर्यादीचा जबाब, होते आणि दखल घेण्याआधी (कोर्टाने गुन्ह्यावर कार्यवाही सुरू करण्याआधी) आरोपीला म्हणणं मांडायची संधी मिळते. ही संधी नव्या संहितेने आणली आहे. पुढे कलम २२५ खाली न्यायदंडाधिकारी मर्यादित तपास पोलिसांकडे सोपवू शकतात. म्हणजे पोलीस तपासाची मागणी पुन्हा करण्याची ही कायदेशीर जागा आहे आणि ती दुसऱ्या १७५(३) पेक्षा कितीतरी भक्कम आहे. तिला मर्यादा मात्र आहेत. हा तपास कार्यवाही पुढे न्यायची की नाही एवढं ठरवण्यापुरताच असतो. रामदेव फूड प्रॉडक्ट्स प्रकरणात २०१५ मध्ये सांगितल्याप्रमाणे पोलिसांना त्यात अटकेचा अधिकार नाही. आणि गुन्हा केवळ सत्र न्यायालयातच चालणारा असेल तर २२५ खाली पोलीस तपास सांगता येत नाही, सगळे साक्षीदार कोर्टातच तपासावे लागतात.

पडताळणीच्या बाबतीत सावध राहा. १७५(३) ही दखल घेण्याआधीची पायरी आहे, २२५ ही नंतरची. १९७६ च्या देवरपल्ली निकालापासून हा भेद पक्का आहे. पडताळणी देऊन दखल घेतली गेली की मागे वळून १७५(३) मागता येत नाही. ज्याला खरोखर जप्ती हवी आहे, म्हणजे आरोपीच्या घरातला मूळ दस्त, मोबाइल, बँकेच्या नोंदी हव्या आहेत, त्याने पडताळणी देण्याआधीच रिव्हिजनचा निर्णय घ्यावा. आणि अर्जात आधीपासूनच लिहावं की कोणती वस्तू, कुणाच्या ताब्यात, आणि ती पोलिसांशिवाय का मिळणार नाही. ‘सखोल तपास व्हावा’ या तीन शब्दांनी कोर्टाला काहीच कळत नाही.

तिसऱ्या प्रकारात आदेश ‘अपुरी माहिती’ म्हणून नकार देतो. इथे खरी तपासणी सुरू होते.

नवी माहिती म्हणजे नेमकं काय

दुसऱ्या फिर्यादीची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने प्रमथनाथ तालुकदार प्रकरणात १९६२ मध्ये घालून दिली. ती आजही चालते, २०२० च्या समता नायडू निकालातही तिचाच आधार आहे. अपवादात्मक परिस्थितीतच दुसरी फिर्याद: आधीचा आदेश अपुऱ्या कागदपत्रांवर झाला असेल, तक्रारीचं स्वरूपच चुकीचं समजलं गेलं असेल, आदेश उघडपणे विसंगत किंवा अन्यायाचा असेल, किंवा रास्त प्रयत्न करूनही पहिल्या वेळी आणता न आलेली नवी माहिती पुढे आली असेल. कसोटी मूळची खाजगी फिर्यादीची आहे, पण तपासाच्या दुसऱ्या अर्जालाही हीच फूटपट्टी लावली जाईल असं धरूनच तयारी करावी. त्यातल्या पहिल्या तीन गोष्टी प्रत्यक्षात रिव्हिजनमध्ये मांडणं चांगलं. दुसऱ्या अर्जासाठी भरवशाची गोष्ट चौथीच.

नागपुरात रोज दिसणारं उदाहरण घेऊ. समजा बेसा भागातल्या लेआउटमधला भूखंड एकाने विकत घेतला, नोंदणीकृत विक्रीपत्र झालं, ताबा मिळाला नाही. पहिला अर्ज ‘ताब्याचा दिवाणी वाद’ म्हणून नामंजूर झाला. नंतर कळलं की विकणाऱ्याने तोच भूखंड चार वर्षं आधी दुसऱ्याला विकला होता. ही माहिती मोठी आहे, फसवणुकीचा हेतू विक्रीच्या दिवशीच होता हे ती दाखवते. पण ती ‘नवी’ आहे का? आधीच्या विक्रीपत्राचा इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) दुय्यम निबंधकांकडे आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. पहिल्या अर्जाआधी शोध घेतलाच नसेल, तर कोर्ट विचारणार: हे तुम्हाला तेव्हा मिळालं नसतं का? शोध घेतला होता, पण तेव्हा नोंद दिसली नाही कारण जुन्या दस्तात खसरा क्रमांक वेगळा लिहिला होता, असं असेल तर शोधाची पावती जोडा. तीच तुमच्या प्रयत्नाचा पुरावा.

याउलट, पहिल्या अर्जाच्या आधीच माहिती अधिकारात मंजूर नकाशा मागितला होता, उत्तर नामंजुरीनंतर आलं, आणि त्यात हा भूखंड सार्वजनिक मोकळ्या जागेत दाखवलेला निघाला. हे भक्कम आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाची तारीख पहिल्या अर्जाच्या आधीची आहे, उत्तराची तारीख नामंजुरीच्या नंतरची आहे. फक्त या दोन तारखाच कोर्टाला पटवतात. हस्ताक्षर तज्ज्ञाचा खाजगी अहवाल मात्र या वर्गात सहसा बसत नाही. तो आधीही घेता आला असता.

नवा साक्षीदार, जुन्याच गोष्टींचं नवं प्रतिज्ञापत्र, नवं कलम, जास्त कडक भाषा, आरोपींच्या यादीत आणखी दोन नावं: यातलं काहीही नवी माहिती नाही. कोर्ट तक्रारीचा गाभा पाहतं. म्हणूनच भावाच्या नावाने टाकलेला अर्जही त्याच गाभ्याचा असेल तर तोच समजला जातो.

नामंजुरीनंतर घडलेली नवी घटना हा मात्र वेगळाच विषय आहे. विकणाऱ्याने नंतर धमकावलं, किंवा बनावट ताबापावती दिवाणी दाव्यात दाखल केली. हा स्वतंत्र गुन्हा, त्याला जुन्या नामंजुरीची आडकाठी नाही. पण मग सगळं पहिल्या पायरीपासून: ठाण्यात नवी तक्रार, आयुक्तांना नवं पत्र, नव्या तारखा. जुन्याच पत्राची प्रत जोडून नव्या घटनेचा अर्ज केला तर तो तांत्रिक कारणावर पडणार, आणि मग आणखी एक नामंजुरी नावावर चढणार. दस्त कोर्टाच्या ताब्यात असताना त्यात बनवाबनवी झाल्याचा आरोप असेल, तर १७५(३) ऐवजी त्याच दिवाणी न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली जावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

आधीचा अर्ज सांगायचाच

दुसरा अर्ज करायचा ठरला, तर आधीच्या अर्जाचा उल्लेख पहिल्या पानावर करा, शेवटच्या परिच्छेदात दडवू नका. शपथपत्रात साधारण असा परिच्छेद असावा:

‘अर्जदाराने याच आरोपींविरुद्ध किरकोळ फौजदारी अर्ज क्रमांक … / … (सीएनआर क्रमांक …) मे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, नागपूर यांच्या न्यायालयात दाखल केला होता. सदर अर्ज दिनांक … रोजी … या कारणास्तव नामंजूर झाला. आदेशाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. सदर आदेशाविरुद्ध पुनरीक्षण अर्ज दाखल केलेला आहे / नाही. प्रस्तुत अर्जातील परिच्छेद … व … मधील माहिती अर्जदारास दिनांक … रोजी प्रथमच प्राप्त झाली. ती आधी मिळविण्यासाठी अर्जदाराने केलेले प्रयत्न परिच्छेद … मध्ये नमूद आहेत.’

कारणाच्या जागी आदेशातलेच शब्द लिहा, आपले नाही. ‘तांत्रिक कारणास्तव’ असं मोघम लिहिलं आणि आदेशात ‘गुन्हा दिसत नाही’ निघालं, तर पुढचं कुणी वाचत नाही. लपवणं तर आता जवळपास अशक्यच आहे. पक्षकाराच्या नावाने ई-कोर्टवर शोध घेतला की जिल्ह्यातली प्रकरणं समोर येतात, आणि पोलीस आपल्या लेखी म्हणण्यात आधीच्या अर्जाचा उल्लेख करतातच. न्यायालयीन कार्यवाहीत शपथेवर खोटं सांगितलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ प्रमाणे ७ वर्षांपर्यंत कैद आहे. त्याआधीच बसणारा फटका म्हणजे अर्ज फक्त लपवाछपवीवरच फेटाळला जातो, आतली खरी तक्रार न वाचता.

लोकसेवकाविरुद्ध कर्तव्य बजावताना घडलेल्या गोष्टीची तक्रार असेल तर १७५(४) प्रमाणे वरिष्ठांचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचं म्हणणं आल्याशिवाय तपासाचा आदेश होत नाही. खटल्याच्या मंजुरीवर कलम २१८ खाली १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं मानलं जातं. मंजुरी नाही म्हणून पडलेला अर्ज मंजुरी मिळाल्यावर पुन्हा करता येतो, ते कारण गुणदोषांचं नाही.

आदेश एकदा मिळाला होता, पण…

पुष्कळ वेळा दुसरा अर्ज येतो तो पहिला मंजूर झाल्यावर. आदेश झाला, पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच नाही, किंवा नोंदवून ‘ब’ समरी, म्हणजे तक्रार खोटी असल्याचा अहवाल, पाठवली. इथे नवा १७५(३) करणं म्हणजे जिंकलेला डाव सोडून पुन्हा नाणेफेक मागणं.

गुन्हा नोंदवला नसेल तर त्याच प्रकरणात अनुपालन अहवाल मागवण्याचा अर्ज करा. तपासावर लक्ष ठेवण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे, हे साकिरी वासू निकालाने २००७ मध्येच मान्य केलं आहे. समरी आली असेल तर फिर्यादीला नोटीस दिल्याशिवाय ती मंजूर होत नाही, हे १९८५ च्या भगवंत सिंग निकालापासून ठरलेलं आहे. नोटीस मिळाली की निषेध अर्ज, म्हणजे प्रोटेस्ट पिटिशन, दाखल करा. त्यात तपासात काय राहिलं हे नेमकं लिहा: कोणत्या साक्षीदाराचा जबाब घेतला नाही, कोणता दस्त जप्त केला नाही. न्यायदंडाधिकारी समरी नाकारून दखल घेऊ शकतात, फिर्यादीची पडताळणी नोंदवू शकतात, किंवा पुढील तपास सांगू शकतात. ‘पुढील तपास’ हाच शब्द वापरा. ‘फेरतपास’ किंवा ‘नव्याने तपास’ सांगण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना नाही, तो वरिष्ठ न्यायालयांचा. एका चुकीच्या शब्दावर अर्ज पडलेले आहेत.

त्याच घटनेचा दुसरा एफआयआरही होत नाही, टी. टी. अँटनी प्रकरणात २००१ मध्ये ते ठरलं. पण समोरच्याने आधी गुन्हा नोंदवला आणि तुमची बाजू त्याच्या उलट असेल, तर तुमची तक्रार पुनरावृत्ती नाही. उलट तक्रारीला बंदी नसल्याचं उपकार सिंग निकाल सांगतो.

राहता राहिली मुदत. हे पुन्हापुन्हाचे अर्ज चालू असताना दुसरं घड्याळही टिकटिकत असतं. ज्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्याची दखल कलम ५१४ प्रमाणे ३ वर्षांच्या आतच घेता येते. जुन्या ४२० ला, म्हणजे फसवणुकीला, ७ वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणून तिथे ही मर्यादा नाही. पण जुन्या ४०६ ला, म्हणजे विश्वासघाताला, शिक्षाच ३ वर्षांपर्यंत आहे. तक्रार फक्त ४०६ ची असेल आणि घटनेला अडीच वर्षं झाली असतील, तर रिव्हिजनबरोबरच खाजगी फिर्याद दाखल करून ठेवा, कारण मुदत मोजताना फिर्याद दाखल केल्याची तारीख धरली जाते. फिर्यादीत रिव्हिजन प्रलंबित असल्याचं लिहा आणि तिचा क्रमांक द्या. नामंजुरीचा आदेश झाला त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी नक्कल विभागात अर्ज टाका, पावतीवर अर्जाची तारीख नीट पडली आहे ना ते खिडकीवरच पाहून घ्या. नक्कल हातात आल्यावर मागच्या बाजूचा शिक्का तपासा: अर्ज केला कधी, नक्कल तयार झाली कधी, दिली कधी. रिव्हिजनच्या ९० दिवसांचा हिशेब त्याच तीन तारखांवरून करायचा आहे.